दचकलं का?

आमच्या उपकेंद्राच्या सिस्टर बाळंतिणीच्या घरात शिरल्या की त्यांना मोठी माणसं दिसतच नसत. 'या सिस्टर', 'बसा सिस्टर', 'चहा टाकू का' हे सगळं त्यांच्या डोक्यावरून जायचं. चपला दाराबाहेर, पिशवी खुंटीला, बाह्या कोपरापर्यंत वर आणि थेट मोरीत. साबण लावून हात चोळायला लागल्या की तोंडाने गावं सुरू व्हायची. वाशीम, रिसोड, मानोरा, कारंजा, मंगरूळपीर, मालेगाव, शिरपूर, जऊळका, मेडशी. सावकाश, एकेका गावाला एकेक बोट, नखांच्या आतून, बेचक्यांतून. या क्रमाने कोणतीच एसटी जात नाही, पण सिस्टरचे हात जायचे. मेडशी आली की मगच लोटा उचलायचा.

मी आशा म्हणून लागले तेव्हाची गोष्ट. गावातल्या गरोदर बाया आणि नवी लेकरं यांच्या घरी जाऊन खबर ठेवायची, हे आमचं काम. पहिल्याच घरी मी घाईने हात धुतले आणि शिरपूरलाच लोटा उचलला.

"ठेव तो लोटा," सिस्टर म्हणाल्या. "मेडशी कुठं आली?"

"सिस्टर, हात तं निघाले सोच्छ."

"घर आल्याशिवाय कोनी गाडीतून उतरते काय व?"

त्यांचं घर मेडशीला. रोज सकाळच्या गाडीने यायच्या, जऊळक्याच्या अलीकडे आमच्या फाट्यावर उतरायच्या आणि तिथून चालत. मी पुन्हा साबण लावला आणि वाशीमपासून निघाले. आता वय अठ्ठेचाळीस झालं, पण आजही भाकरी थापायच्या आधी माझे हात मेडशीपर्यंत जाऊन येतात.

हात धुऊन झाले की सिस्टर बाळाकडे वळायच्या. तिथे दुसरी तऱ्हा. मोठ्या माणसांशी त्या आमच्यासारख्याच वऱ्हाडीत बोलायच्या, तेही बहुतेक करून रागावल्यासारखं. तान्ह्या लेकरांशी मात्र शुद्ध पुस्तकी मराठीत आणि अहो-जाहो करून. मुलगा असला तर साहेब, मुलगी असली तर मॅडम.

"काय साहेब, झोप झाली का? दूध वेळेवर मिळतं आहे ना? काही तक्रार?"

मग थांबायच्या. खरोखर थांबायच्या. लेकरू हात हलवायचं, ओठ चंबू करायचं, कधी नुसतं टक लावून बघायचं. त्याचं 'बोलून' होईपर्यंत सिस्टर गप्प. मग "अच्छा, असं आहे तर" असं म्हणून पुढचा प्रश्न. घरातल्या बाया पदर तोंडाला लावून हसायच्या.

"सिस्टर, त्याले काय समजते?" एका आजीने एकदा विचारलं.

"तुले तरी काय समजते? तरी बोलतोच ना आमी तुह्याशी?"

आणि शुद्ध भाषा कशाला, असं मी एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, "त्याईले अजून कोनी वाईट वळन लावलं नाई, म्हून."

पिशवीत त्यांच्या सरकारी सामान असायचं. वजनाची झोळी आणि काटा, तापमापक, सेकंदकाट्याचं घड्याळ. त्याशिवाय दोन वस्तू त्यांच्या स्वतःच्या. एक लाल लोकरीचा गोंडा, दोऱ्याला बांधलेला. आणि एक छोटा स्टीलचा डबा, त्यात मूठभर तूर. गोंडा लेकराच्या डोळ्यांपुढे इकडून तिकडे फिरवायचा आणि बघायचं, नजर मागे जाते का. डबा कानाशी, लेकराला दिसणार नाही असा, एकदाच खडाड् करून वाजवायचा आणि बघायचं, दचकलं का. एवढ्यावर त्यांची निम्मी तपासणी. तूर दरवर्षी नवी भरायच्या. जुन्या तुरीचा आवाज बसतो, असं त्यांचं म्हणणं.

हे 'दचकलं का' त्यांच्या तोंडात इतकं बसलं होतं की गावातली पोरं त्यांना लांबून बघून ओरडायची, "दचकलं का सिस्टर आल्या!" त्या वळून म्हणायच्या, "तू नाई दचकत रे भाऊ, तुले तं शाळेची घंटी बी आयकू येत नाई."

त्यांना स्वतःची किती मुलं, असं नवीन बाया हमखास विचारत. ठरलेलं उत्तर होतं. "दोन हायेत. दोघंही आयकत नाईत. पन आयकू येते त्याईले, तपासलं म्या."

आमच्याकडे बाळंतिणीची खोली म्हणजे अंधारकोठडी. खिडकीला गोधडी, दाराला चादर, लेकराला वारा नको, उजेड नको, नजर नको. सिस्टर आल्या की आधी गोधडी खाली. सासवा भांडायला उभ्या राहायच्या. सिस्टर त्यांच्याशी भांडत नसत. लेकराला म्हणायच्या, "मॅडम, तुम्हाला एक-दीड वितीवरचंच दिसतं, त्यात यांनी अंधार केला. आजीचं तोंड कधी बघणार तुम्ही?" मग आजीला जवळ बसवायच्या, तिचं तोंड धरून बरोबर दीड वितीवर आणायच्या आणि सांगायच्या, "आता बोला. कायबी बोला. भावकीचं बोला, सुनेचं बोला, पन तोंड हलू द्या." आजी बोलायला लागायची, लेकरू टकामका बघायचं. त्यानंतर त्या खिडकीला गोधडी परत लागलेली मी तरी पाहिली नाही.

सासवांना हाताळायची त्यांची ही रीतच होती. नाही म्हणायचं नाही, काम द्यायचं. मे महिन्यात आमच्याकडे जीव नकोसा होतो. प्रत्येक घरी आजी म्हणायची, लेकराचा घसा सुकला, चमचाभर पाणी पाजू द्या. सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नाही, पाणीसुद्धा नाही, हे आम्ही सांगून सांगून थकायचो. सिस्टर म्हणायच्या, "पाजा ना पानी. पन लेकराच्या आईले पाजा. दर खेपेले दूध पाजाले बसली का गिलासभर. ध्यान ठेवाचं तुमी, दुसऱ्या कोनाले जमाचं नाई." आजी दिवसभर गिलास घेऊन सुनेच्या मागे. लेकराला चमचा लावायला वेळ कुणाला होता?

काजळाचंही तसंच. एकदा आम्ही दोघी शिरपूरच्या गाडीत. समोरच्या सीटवर एका बाईच्या मांडीवर दीड-दोन महिन्यांचं पोर, डोळ्यांत हे एवढं काजळ. सिस्टरने पिशवीतून ओला रुमाल काढला.

"अवं, तुमी कोन?" ती बाई बिचकली.

"मी कोनी नाई. काजळ कोनं लावलं?"

"सासूनं. नजर लागते म्हने."

"लागते तं लागते. पन नजर डोयात कायले घालता? तळपायाले लावा टिक्का. तितून नजर वर चढतच नाई."

बाई पटली. गाडीतल्या आणखी दोघींना पटलं. शिरपूर यायच्या आत तीन लेकरांचे डोळे कोरे झाले आणि तळपाय काळे. कंडक्टर म्हणाला, "सिस्टर, हे गाडी हाय, दवाखाना नाई." सिस्टर म्हणाल्या, "तुह्या घरी पोरगा झाला नं रे गेल्या महिन्यात? दचकते का?"

त्यांचं सगळ्यांत गाजलेलं काम आबाजींचं. आबाजी म्हणजे गावातले मोठे शेतकरी. पांढऱ्या मिशा, खणखणीत आवाज. चावडीवर खोकले तरी माणसं उभी राहायची. त्यांच्या सुनेला आठव्या महिन्यात मुलगा झाला, दोन किलोलाही कमी. दवाखान्यातून घरी पाठवताना सांगितलं होतं, लेकराला उघड्या छातीशी धरून ऊब द्या, दिवसातले जास्तीत जास्त तास. सून टाक्यांनी बेजार. दूध पाजायची, पण बाकी वेळ बसवत नव्हतं. सासूला खोकला. लेकराचा बाप पुण्याला नोकरीवर.

सिस्टरने घरात नजर फिरवली आणि आबाजींसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"आबाजी, बंडी काढा."

मला वाटलं, आता सिस्टरची बदली गडचिरोलीला आणि मी घरी.

"काय म्हनलं?" आबाजींचा आवाज ओसरीभर घुमला.

"बंडी काढा. छाती साबनानं धुवा. तुमचा नातू थंडा पडून राह्यला अन् या घरात सगळ्यात गरम मानूस तुमीच हा, हे गावाले ठावं हाय."

आबाजींनी एकदा नातवाकडे बघितलं. मग आबाजींनी बंडी काढली. सिस्टरने त्यांना मोरीत नेलं, वाशीमपासून मेडशीपर्यंत न्हाऊ घातलं म्हटलं तरी चालेल, आणि बाजेवर पाठीला लोड देऊन बसवलं. टोपडं आणि लंगोट एवढंच घातलेलं ते मूठभर लेकरू त्यांच्या छातीवर पालथं ठेवलं, मान एका बाजूला, वरून शाल. "साहेब, हे तुमचे आजोबा," त्या बाळाला म्हणाल्या. "आवाज मोठा आहे, पण माणूस वाईट नाही. घाबरू नका."

आबाजी जवळजवळ महिनाभर बसले. तुरीला फुलोरा होता, कामांचा खोळंबा होता, तरी बसले. बांधाच्या भांडणाचा निवाडा मागायला लोक आले, तर शालीतून आवाज यायचा, "हळू बोला बे, झोपला हाय." वजन करायला आम्ही जायचो तेव्हा काटा सिस्टरच्या हातात आणि आकडा आधी आबाजींच्या तोंडात. तो मुलगा आता आठवीत आहे आणि आजोबांपेक्षा मोठ्याने बोलतो.

सिस्टरचे दोषही सांगितले पाहिजेत. त्या बिनबोलावता बारशाला यायच्या. कुठलंही बारसं. आहेर आणत नसत, झबलं नाही, खुळखुळा नाही. पाळण्याच्या उशाशी जागा धरून उभ्या राहायच्या, ते जेवणाची पंगत बसेपर्यंत हलायच्या नाहीत, आणि मग दोनदा बुंदी मागायच्या. पाळण्याशी उभं राहायचं कारण वेगळंच. आपल्याकडे बारशाला आत्या लेकराच्या कानात 'कुर्रर्र' करून नाव सांगते, आणि बाकीच्या बाया तिच्या पाठीत धपाटे घालतात. सगळ्यांचं लक्ष नावाकडे आणि धपाट्यांकडे. सिस्टरचं लक्ष लेकराच्या पापण्यांकडे.

"धपाटे मागून," त्या हात आडवा घालायच्या. "आधी सगळ्या गप. आत्याबाई, करा कुर्र. जोरात करा, कानात मुंगी गेल्यावानी नको."

धपाटे घालायला उचललेले हात तसेच वर राहायचे. आत्या कुर्र करायची. लेकरू दचकलं, हात फाकवले किंवा रडलं की सिस्टर वहीत टीप करायच्या आणि म्हणायच्या, "चालू द्या." बायांना राग यायचा. शुभकार्यात लेकराला रडवते म्हणजे काय? सिस्टरचं म्हणणं एकच होतं. "तुमी नाव ठेवून राह्यल्या, पन त्याले ते आयकू येते का नाई, हे कोन पाह्यते?"

ती वही त्यांची स्वतःची. दोनशे पानी, शाळेच्या दुकानातली. वरून कोणी मागितली नव्हती. आम्ही आशांनी आपापल्या गावातल्या प्रत्येक नव्या लेकराची त्यात एक ओळ भरायची. वजन, दूध ओढतं का, नजर फिरते का, आणि शेवटचा रकाना, दचकलं का. हो किंवा नाही. मला ते काम म्हणजे भर वाटायचं. सरकारी फॉर्म कमी होते का? तरी भरायचे.

आता माझ्या भावाच्या मुलीचं सांगते.

मला दिलं गावातच, माहेरापासून दोन गल्ल्या सोडून. भावाच्या लग्नाला सात वर्षं झाली तेव्हा त्याला मुलगी झाली. भावजयीची आई नव्हती, म्हणून बाळंतपण माझ्या माहेरीच. माझ्या आईला आभाळ ठेंगणं झालं. आणि पोरगी तरी किती गुणाची. रडणं नाही, किरकिर नाही. दूध प्यायची, गोंड्यामागे नजर फिरवायची, झोपायची. शेजारी लग्न होतं, दोन दिवस डीजे. भिंतीवरचं कॅलेंडर हलायचं, पोरगी हलली नाही. आई गावभर सांगत फिरली, "अशी पोर मी तं पाह्यली नाई माय. डीजे वाजला, तरी झोपून!"

मीही ऐकून हसले. मी, जिचं कामच हे. घरातच आशा आहे म्हणून सिस्टरने ही तपासणी माझ्यावर सोडली होती. ठरल्या दिवशी भेटी दिल्या, वजन केलं, नाळ बघितली, अंग गरम आहे ना ते बघितलं. तुरीचा डबा सिस्टरसारखाच मीही केला होता. तो पिशवीतच राहिला. आपल्या घरचं लेकरू, आपल्या डोळ्यांपुढचं, त्याला काय वाजवून बघायचं? वहीत भावाच्या मुलीच्या ओळीत, शेवटच्या रकान्यात, मी 'हो' लिहिलं.

सव्वा महिन्याने बारसं मोठं केलं भावाने. आधी वंदना झाली, त्रिशरण-पंचशील झालं, मग पाळणा. सिस्टर नेहमीप्रमाणे बिनबोलावता हजर, पाळण्याच्या उशाशी. मी आत्या. मुलगी जागी होती, पाळण्यावर टांगलेल्या फुग्यांकडे बघत होती.

"धपाटे मागून," सिस्टर म्हणाल्या.

मी वाकले. "कुर्रर्र."

"जोरात."

"कुर्रर्र!"

"आनखी."

घसा दुखेल इतक्या जोराने केलं. मुलीने फुग्यांवरून नजर काढली नाही. सिस्टरने तिच्या डोक्यामागे तुरीचा डबा आणला आणि वाजवला. पाळण्याभोवतीच्या चार बाया दचकल्या. मुलगी नाही.

मी सिस्टरकडे बघितलं. त्यांनी वही मिटली आणि म्हणाल्या, "चालू द्या." धपाटे झाले, पाळणा म्हटला, पंगत बसली. त्या दिवशी त्यांनी बुंदी एकदाच घेतली. जेवण झाल्यावर मोरीत हात धुताना मला शेजारी घेतलं.

"वहीत हो कोनं लिहिलं?"

"म्या."

"कधी वाजवलं?"

मी नुसताच साबण चोळत राहिले. सिस्टर रागावतील असं वाटलं. रागावल्या नाहीत. तेच जास्त लागलं.

"हे पाह्य, एकडाव दचकलं नाई म्हंजे काई ठरत नाई. पोट भरलं असंन, ध्यान फुग्यावर असंन. पन तपासल्याबिगर बसाचं नाई. जेवढ्या लवकर कळते, तेवढी पोरगी पुढं जाते. कानाले आवाज भेटला तं तोंडाले बोलनं येते. आवाज नाई तं बोलनं कुठून येईन? सोमवारी पहिल्या गाडीनं वाशीमले."

आईला कळलं तेव्हा घर डोक्यावर घेतलं. "माह्या नातीले बहिरी म्हनते! बारशात येऊन! पाय नाई ठेवू द्याचा तिले या घरात." भाऊ म्हणाला, "ताई, तुह्याच वहीत लिहून हाय ना, दचकते म्हून? मंग?"

सगळे माझ्याकडे बघत होते. भावजय बघत होती, मुलगी तिच्या मांडीवर. नुसती मान डोलावली असती तरी घरात शांतता झाली असती, आणि दोन-तीन वर्षांनी, पोरगी बोलत का नाही म्हणून, सगळ्यांना कळलं असतं. मी सांगून टाकलं. "म्या पाह्यलंच नाई. घरचं लेकरू म्हून तसंच लिहून देल्लं."

आई माझ्याशी पंधरा दिवस बोलली नाही. पण सोमवारी पहिल्या गाडीत भाऊ होता, भावजय होती, मी होते. सिस्टर पुढच्या सीटवर आधीच बसलेल्या होत्या.

तपासण्या एका खेपेत झाल्या नाहीत. जिल्ह्याला एक, मग पुन्हा, मग अकोल्याला मोठी. शेवटी ठरलं की दोन्ही कानांना ऐकू येत नाही. आधी कानामागे यंत्र, आणि त्याने भागलं नाही तर वर्षानंतर कानाच्या आत यंत्र बसवायचं ऑपरेशन. डॉक्टरीणबाई भावजयीला म्हणाल्या, एवढ्या लहानपणी कुणी आणत नाही हो आमच्याकडे, बरं केलं. भावजय रडत होती. सिस्टर मुलीला म्हणाल्या, "मॅडम, चला, काम लागलं आपल्याला."

खरं काम घरी होतं. माझ्या आईने मुलीशी बोलणंच सोडलं होतं. प्रेम तेवढंच, घ्यायची, न्हाऊ घालायची, पण तोंड मिटलेलं. "बहिऱ्या लेकराशी काय बोलू माय?" सिस्टर घरात आल्या, हात मेडशीपर्यंत नेले आणि आईकडे ढुंकूनही न बघता मुलीसमोर दीड वितीवर बसल्या.

"मॅडम, तुमच्या आजी रुसल्या आहेत. माझ्यावर रुसल्या तर चालेल, पण शिक्षा तुम्हाला कशाला? तुम्हाला तोंड दिसतं, हसू दिसतं, हात लावलेला कळतो. त्यांना सांगा जरा."

आणि थांबल्या, नेहमीसारख्या. मुलीने त्यांच्या हलणाऱ्या ओठांकडे बघितलं आणि सगळं तोंड पसरून हसली. आणि खरोखर काहीतरी बोलली. आंऽऽ असं. आई भिंतीशी उभी होती. पदराने नाक पुसत पुढे आली आणि म्हणाली, "सरका. कडंला सरका. तुमाले नाई बोलता येत तिच्याशी. काय ते पुस्तकावानी बोलून राह्यल्या." त्या दिवसापासून माझी आई जी बोलायला लागली ती आजतागायत थांबली नाही.

यंत्र आलं, त्याने फारसं भागलं नाही. दीड वर्षाची असताना नागपूरला ऑपरेशन झालं. त्यानंतर बोलायला शिकवायचं म्हणजे किती वर्षांची मेहनत, ते भावजयीला विचारा. चित्रांचे पत्ते दिले होते, आंबा, ससा, चेंडू. मॅडमना त्यात गोडी नव्हती. सिस्टर हात धुताना ती मोरीच्या उंबऱ्यावर बसायची आणि गावं ऐकायची. 'पाणी' म्हणायच्या आधी ती 'कांजा' म्हणाली, म्हणजे कारंजा. आम्ही कोणी तिला कारंजाला नेलेलं नव्हतं.

सिस्टर निवृत्त झाल्या. वही मला दिली. आता आमच्या सगळ्या आशा ती भरतात, आणि नवीन मुलीला मी पहिलं सांगते की स्वतःच्या घरचं लेकरू असलं तर डबा दोनदा वाजवायचा.

गेल्या हिवाळ्यात भावाला मुलगा झाला. दवाखान्यातच कान तपासून आणले, कागद आहे. तरी बारसं ते बारसं. भावाने सिस्टरना पत्रिका पाठवली. त्या आल्या, पण तोंड वाकडं करून. "पत्रिका पाहून वाटलं का जाऊ का नको. बोलावल्यावर काय मजा हाय?" गुडघे दुखत होते, तरी पाळण्याच्या उशाशी जाऊन उभ्या राहिल्या.

मी कुर्र करायला वाकले. माझा हात कोणीतरी ओढला. भावाची मुलगी, आता सहा वर्षांची, पहिलीत, दोन वेण्या आणि कानामागे यंत्र.

"आत्या, मी करते."

"अवं, आत्याचा मान अस्ते तो," माझी आई म्हणाली.

"करू द्या," सिस्टर म्हणाल्या. "धपाटे मागून."

बायांचे हात वरच्या वर थांबले. पोरीने वेणी मागे टाकली, वाकली, आणि असं कुर्र केलं की शेजारच्या अंगणातलं कुत्रं भुंकलं. लेकराने दोन्ही हात आभाळात फेकले आणि टाहो फोडला. पोरगी वळली. "दचकलं! सिस्टर, दचकलं!"

"साहेब," सिस्टर रडणाऱ्या लेकराला म्हणाल्या, "या तुमच्या मोठ्या भगिनी. हे आता रोजचंच आहे. सवय करून घ्या."

मग धपाटे. माझ्या पाठीत नाही, पोरीच्या पाठीत, आणि ती हसून हसून खाली बसली.

पंगत मांडायला घेतली. भांडी आपटत होती, पोरं पळत होती, आई कोणावर तरी ओरडत होती, लेकरू अजून रडतच होतं. सिस्टर मोरीत गेल्या. पोरगी दाराशी पाठमोरी उभी राहून पत्रावळी मोजत होती. सिस्टरचं पुटपुटणं मला जेमतेम ऐकू येत होतं. मंगरूळपीर, मालेगाव, शिरपूर, जऊळका. गुडघे दुखत असतील, किंवा बुंदीचा वास आला असेल. त्यांनी लोटा उचलला.

"मेडशी राह्यली!" पोरगी पत्रावळींवरून मान वर न करता म्हणाली.

सिस्टर दचकल्या. लोटा खाली ठेवला आणि पुन्हा साबण घेतला.